हॅचरीचे सामन सोडून नदी भरते का?

उलटप्रवाह (धागाकर्ता)

अमेरिकेच्या वायव्येतल्या कोलंबिया नदीवरच्या धरणांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "धरणं राहू द्या की, हॅचरीतून पिल्लं सोडतातच ना. मासे येतायत, मग रडारड कशाला?" तिथे अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा. (हॅचरी म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा.)

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. नदीत किती सामन मासे परत आले हा एक प्रश्न. माणसाने हात काढून घेतला तर ते त्या नदीत स्वतःच्या बळावर टिकतील का, हा दुसरा. हॅचरी पहिल्याचं उत्तर देते आणि बऱ्याचदा दुसऱ्याचं बिघडवते.

थोडी पार्श्वभूमी. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वासाचा माग काढत बहुधा जन्माच्याच ओढ्यात परततो. पॅसिफिकमधले चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक हे सामन एकदा अंडी घालून मरतात. त्यांचा भाऊबंद स्टीलहेड (समुद्रात जाणारा ट्राउट) कधीकधी दुसऱ्या खेपेलाही येतो. या माहेरओढीमुळे शेजारशेजारच्या ओढ्यांतली कुळंसुद्धा वेगळी होत गेली. कुठे पाणी लवकर तापतं म्हणून मासे लवकर येतात, कुठे धबधबा फक्त वसंतातल्या भरल्या पाण्यातच चढता येतो म्हणून तेव्हाच येतात. पिढ्यानपिढ्या हे जनुकांत उतरलेलं आहे.

हॅचऱ्यांचा इतिहासही जुना. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन याने कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीकाठी अमेरिकी सरकारसाठी चिनूकची अंडी गोळा करायला सुरुवात केली. ती अंडी रेल्वेने पूर्व किनाऱ्याच्या नद्यांत नेऊन सोडली, तिथे काही रुजली नाहीत. कोलंबियात पूर्वी दरवर्षी १ ते १.६ कोटी सामन आणि स्टीलहेड परतत असावेत असा अंदाज आहे. १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण झालं, त्याच वर्षी हॅचऱ्यांना पैसा देणारा मिचेल कायदा आला. १९४२ मध्ये ग्रँड कूली उभं राहिलं, त्याला माशांसाठी शिडीच (मासे टप्प्याटप्प्याने चढतील अशा पाण्याच्या पायऱ्या) नाही. वरचा रस्ता बंद आणि भरपाई म्हणून खाली सिमेंटचे हौद, हा सौदा तेव्हापासूनचा.

सौदा आकर्षक का वाटतो तेही कळतं. नदीच्या खडीत घातलेल्या अंड्यांपैकी बहुतेक वाया जातात, हॅचरीत शंभरातली ८०-९० जगतात. पण मेख तिथेच आहे. नदीत जे मरतात ते सगळेच काही नशिबाने मरत नाहीत.

ज्या अभ्यासामुळे मी बाजू ठरवली तो ओरेगॉनमधल्या हूड नदीवरचा. तिथे पॉवरडेल नावाचं धरण होतं (२०१० मध्ये पाडलं). वर जाणारा स्टीलहेड तिथल्या सापळ्यातूनच जायचा, आणि १९९१ पासून त्यांचे खवले काढून ठेवलेले होते. खवल्यांतल्या डीएनएवरून कोण कुणाचं पोर हे पिढ्यानपिढ्या मांडता आलं. अराकी, कूपर आणि ब्लूइन यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं की हॅचरीत काढलेल्या दर पिढीमागे नदीतलं प्रजननाचं यश सुमारे ४० टक्क्यांनी घसरतं.

चाळीस. तेही दर पिढीला. बोला आता.

शंकासुर

लेख आवडला, पण एक शंका. हौदात आयतं खाऊन वाढलेला मासा नदीत लटपटणारच. ते संगोपनाचं फळ झालं. जनुकं मध्ये कुठून आली? त्याची पोरं नदीत जन्मली की पुन्हा तरबेज होतील की.

उलटप्रवाह

@शंकासुर, हीच शंका त्या अभ्यासकांनाही होती. म्हणून त्यांनी तुलना अशा दोन गटांची केली, जे दोन्ही एकाच हॅचरीत, एकाच वर्षी, एकाच खाद्यावर वाढले. फरक एवढाच की एका गटाचे आईबाप दोघेही नदीतले, आणि दुसऱ्या गटाचा एक पालक हॅचरीत जन्मलेला. समुद्रातून परतल्यावर दोघांनी नदीतच अंडी घातली. संगोपन सारखं असूनही दुसऱ्या गटाची पोरं जेमतेम निम्मी निघाली. म्हणजे फरक वारशाने आला.

गुणसूत्र

माझं काम माशांवर नाही, पण जनुकीय विषयातच आहे म्हणून लिहितो.

हॅचरीत कुणी बसून निवड करत नाही, तरी निवड होतेच. नदीत मादी जागा शोधते, शेपटीने खडी उकरते, नर एकमेकांशी झुंजतात, मादी काहींना हाकलते. हॅचरीत मादीचं पोट चिरून अंडी बादलीत काढतात, त्यावर नराचं वीर्य पिळतात, हलवतात, झालं. जोडीदाराची निवड, घरट्याची जागा, झुंज, सगळ्या परीक्षा रद्द. त्यांच्या जागी नव्या परीक्षा येतात: गर्दी सोसणं, वरून पडणाऱ्या गोळ्यांवर तुटून पडणं, हौदातले रोग पचवणं.

हूड नदीच्याच माशांवर २०१२ मध्ये क्रिस्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हॅचरीत जन्मलेल्या माशांना पुन्हा हॅचरीत प्रजननासाठी वापरलं तर नदीतल्या माशांच्या जवळजवळ दुप्पट पोरं परत येतात. आणि ज्या कुळांचं हॅचरीत उत्तम चालतं तीच नदीत सर्वात मागे पडतात. एका पिढीत! २०१६ मध्ये त्यांनीच दोन्ही प्रकारच्या पालकांची पोरं सारख्याच परिस्थितीत वाढवून पाहिली, तर ७२३ जनुकांचं काम कमीजास्त झालेलं दिसलं. त्यांत जखम भरणं, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी संबंधित बरीच होती. दाटीवाटीच्या हौदात मासे एकमेकांना चावतात हे लक्षात घेतलं तर जखमेची जनुकं पुढे येणं मला तरी पटतं.

अजून एक गोष्ट, जिच्यावर कमी बोललं जातं. रिमन आणि लायक्रे यांनी १९९१ मध्ये मांडलेला परिणाम. हिशेब करून पाहा: नदीत १००० मासे आहेत, त्यातले २० हॅचरीत नेले, आणि पुढच्या पिढीतली निम्मी पोरं त्या २० ची निघाली. डोकी भरपूर दिसतील. पण जनुकीय वैविध्य टिकण्याच्या दृष्टीने ती पिढी हजार पालकांची नाही, साधारण ७८ पालकांची आहे. हॅचरी जितकी यशस्वी, तितका हा आकडा खाली.

शंकासुरांच्या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं मात्र नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या दोन नद्यांच्या कोहोंवर २०१७ मध्ये अभ्यास झाला. तिथे हॅचरीच्या आणि नदीच्या माशांच्या डीएनएच्या अक्षरांत लक्षणीय फरक सापडला नाही, पण त्यावरच्या मिथाइलच्या खुणांत (जनुकांचं काम कमीजास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) सापडला. म्हणजे वाढण्याच्या परिस्थितीचा ठसाही उमटतो. तो पुढच्या पिढीत किती उतरतो, वादाचा विषय आहे.

तिरपागडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). लोकहो, भांडत राहा, मी चहा घेऊन बसलोय.

भटकी

मी वॉशिंग्टन राज्यात राहते, इकडचं थोडं.

हॅचरीचा मासा ओळखायची साधी खूण म्हणजे पाठीवर शेपटीजवळ असलेला छोटासा मांसल पर. पिल्लं सोडण्याआधी तो कापतात. बऱ्याच ठिकाणी नियम असा की पर कापलेला मासा ठेवायचा, पर असलेला सोडून द्यायचा. काही पिल्लांच्या नाकाडात बारीक तारेचा तुकडाही घालतात, त्यावर कोरलेल्या आकड्यावरून हॅचरी कळते. अलास्कात पिंक आणि चम कोट्यवधींनी सोडतात, एकेकाचा पर कोण कापणार? तिथे अंडी उबताना पाण्याचं तापमान ठरावीक अंतराने वरखाली करतात. त्याच्या रेघा कानातल्या हाडावर उमटतात, अगदी बारकोडसारख्या. मेलेल्या माशाचं ते हाड घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गावाचं नाव कळलं.

जनुकांच्या चर्चेत एक गोष्ट सुटली: मासेमारी. जाळ्याला हॅचरीचा मासा आणि नदीचा मासा वेगळा कळत नाही. हॅचरीचे मासे मुबलक असले की मासेमारीचा कोटा वाढतो, आणि त्यात मोजकेच उरलेले नदीचे मासेही उचलले जातात. सोडून दिलेल्यांतलेही काही मरतात. माझ्या मते काही नद्यांत जनुकांपेक्षा हे नुकसान मोठं असेल.

शिवाय इथल्या शहरी ओढ्यांत पाऊस पडला की कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरायचे. कारण वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. २०२० मध्ये कळलं की टायरच्या रबरातल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं ते कोहोला मारतं. त्याच पाण्यात चमला फारसं काही होत नाही. अशा ओढ्यात हॅचरीचे सोडा नाहीतर स्वर्गातले सोडा.

नाखवा

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही.

तुम्हा सगळ्यांच्या बोलण्यातून असं वाटतं की हॅचरी म्हणजे कुणाची तरी हौस. १८५० च्या दशकातल्या करारांत वॉशिंग्टनमधल्या मूळनिवासी जमातींनी जमीन दिली आणि नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो पायदळी तुडवला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा; १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला. पण नदीत मासाच नसेल तर निम्म्याचं काय करायचं? म्हणून पुढचा वाद झाला की हॅचरीचे मासे वाट्यात धरायचे का. १९८० मध्ये निकाल आला, हो, धरायचे. धरणं जमातींनी बांधली नाहीत. नदी दुसऱ्यांनी बिघडवायची आणि शंभर वर्षांनी जनुकांची शुद्धता दाखवून उरलेला घासही काढायचा, हे मला पचत नाही.

आणि विज्ञानही एकाच बाजूचं नाही. आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स जमातीचा चिनूकचा कार्यक्रम आहे. तिथे नियम कडक: हॅचरीसाठी दरवर्षी नदीत जन्मलेलेच मासे घ्यायचे, हॅचरीत जन्मलेला एकही नाही. २०१२ मध्ये त्याचा वंशावळीचा अभ्यास आला. नदीतले मासे वाढले, आणि हॅचरीच्या माशांनी नदीच्या माशांशी जोडी केली तेव्हा पोरांच्या संख्येत लक्षणीय घट दिसली नाही.

आयडाहोतल्याच रेडफिश सरोवराचं उदाहरण तर कुणीच काढलं नाही! समुद्रापासून जवळजवळ १४५० किलोमीटर आत, सुमारे २००० मीटर उंचीवर. १९९१ मध्ये तिथला सॉकआय लुप्तप्राय घोषित झाला. १९९२ मध्ये एकच नर परत आला, लोकांनी त्याचं नाव 'लोनसम लॅरी' ठेवलं. १९९१ ते १९९८ या काळात मिळून नदीतले १६ मासे आले. त्या सोळांवरून हौदात वंश राखला. २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त मासे परतले. हॅचरी नसती तर आज हा वंश फक्त पुस्तकात असता.

उलटप्रवाह

@नाखवा, रेडफिशबद्दल वादच नाही. मरणाऱ्याला ऑक्सिजन लावायलाच हवा. पण २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक यांचं पाणी इतकं तापलं की बहुतेक सॉकआय वाटेतच मेले, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं. तीन दशकं झाली, वंश अजून हौदावरच आहे, कारण वाटेतली आठ धरणं तिथेच आहेत.

जॉन्सन क्रीकचा अभ्यास मला मान्य आहे. हूडचे ४० टक्के सगळीकडे लावू नयेत हेही. स्टीलहेडची पिल्लं हॅचरीत वर्षभर राहतात, पिंक आणि चम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत समुद्रात जातात, तर प्रजातीनुसार फरक पडणारच असं मला पूर्वी वाटायचं. पण अलास्कात प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ओढ्यांत भरकटून शिरलेल्या हॅचरीच्या पिंकचीही पोरं नदीच्या पिंकपेक्षा कमी निघाली आहेत. हौदात इतका कमी काळ राहूनही! याचं सोपं स्पष्टीकरण माझ्याकडे तरी नाही.

तिरपागडा

चहा संपला. एक प्रश्न: नदीत हॅचरीचे किती टक्के मासे चालतात? काही आकडा आहे की सगळं आपापल्या मतावर?

गुणसूत्र

आहे. २००० साली अमेरिकी संसदेच्या पुढाकाराने हॅचऱ्यांची तपासणी करणारा एक वैज्ञानिक गट नेमला गेला. त्यांनी दोन जातीच्या हॅचऱ्या मानल्या. एक 'वेगळी ठेवलेली': तिचे मासे फक्त पकडण्यासाठी, नदीच्या माशांत मिसळू द्यायचे नाहीत. अशा हॅचरीच्या माशांचं प्रमाण नदीत अंडी घालणाऱ्यांमध्ये ५ टक्क्यांच्या खाली हवं. दुसरी 'मिसळलेली': इथे नदी आणि हॅचरी मिळून एकच वंश धरायचा, आणि सूत्रं नदीच्या हातात ठेवायची, म्हणजे निवड मुख्यतः नदीने करायची.

सूत्रं कुणाच्या हातात हे असं मोजतात. हॅचरीच्या पालकांत नदीत जन्मलेल्यांचं प्रमाण घ्या. त्याला, ते प्रमाण आणि नदीत अंडी घालणाऱ्यांतलं हॅचरीच्या माशांचं प्रमाण, या दोघांच्या बेरजेने भागा. महत्त्वाच्या वंशांसाठी उत्तर ०.६७ किंवा जास्त हवं. समजा हॅचरीच्या पालकांत ६० टक्के नदीचे आणि नदीत ३० टक्के हॅचरीचे, तर ६० भागिले ९०, ०.६७, काठावर पास. जॉन्सन क्रीकमध्ये पहिला आकडा १०० आहे, म्हणून नदीत हॅचरीचे निम्मे मासे असले तरी ०.६७ च येतं. नाखवांच्या उदाहरणाला हा हिशेब दुजोराच देतो.

उलट टोक म्हणजे वॉशिंग्टनमधल्या चेंबर्स क्रीकचा स्टीलहेड. वर्षानुवर्षं लवकर येणारेच मासे निवडत गेले, आणि वंश डिसेंबर-जानेवारीत अंडी घालू लागला. नदीचे स्टीलहेड वसंतात घालतात. हिवाळी पुरात खडी वाहून जाते त्याच काळात यांची अंडी खडीत. ही पिल्लं अनेक नद्यांत सोडली.

पाणकोंबडी

सगळे नदीतच अडकलात, समुद्राचं काय? उत्तर पॅसिफिकभोवतीचे देश मिळून दरवर्षी सुमारे ५०० कोटी पिल्लं सोडतात. जपानचे चम, अलास्काचे पिंक, रशियाचे दोन्ही. रगरोन आणि अर्व्हाइन यांच्या २०१८ च्या अंदाजानुसार समुद्रातल्या सामनच्या एकूण वजनात हॅचरीचा वाटा ४० टक्के. समुद्र मोठा आहे, पण त्यातलं खाद्य अमर्याद नाही. पिंक दोन वर्षांत आयुष्य संपवतो, त्यामुळे सम आणि विषम वर्षांचे पिंक एकाच नदीत असूनही एकमेकांशी कधी मिसळत नाहीत. अनेक भागांत विषम वर्षी पिंकची लाट येते आणि त्या वर्षी सॉकआयची वाढ खुंटलेली दिसते. अलास्काने वाढवलेल्या माशाची किंमत दुसऱ्याच देशाच्या नदीतला मासा मोजत असेल तर हिशेब कुणाकडे मागायचा?

भटकी

आणि त्याच वेळी आमच्याकडचे 'दक्षिणी निवासी' म्हणवले जाणारे ऑर्का (किलर व्हेल) चिनूकवाचून उपाशी. २०१८ मध्ये एका मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस वाहून नेलं, ते जगभर गाजलं. त्यानंतर राज्याने ऑर्कांसाठी म्हणून चिनूकच्या हॅचऱ्या वाढवल्या. ऑर्काला पर कापलेला आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. तिथे मी नाखवांच्या बाजूने आहे, नाइलाजाने.

उलटप्रवाह

@पाणकोंबडी, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

एका गोष्टीवर अजून लिहायचं राहिलं, वैविध्य नेमकं कामाला कसं येतं. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये हॅचऱ्या नाहीत, शेकडो वेगवेगळे सॉकआय वंश आहेत. एखाद्या वर्षी एका नदीचे कमी आले तर दुसरीचे भरून काढतात. शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की हे सगळे एकच वंश असते तर परतणाऱ्या माशांची चढउतार २.२ पट झाली असती आणि मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट वेळा आली असती.

आता कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली बघा. तिथे हॅचरीची चिनूक पिल्लं टँकर ट्रकने थेट खाडीत नेऊन सोडायची पद्धत. नदीतला धोका टळतो, जास्त जगतात. पण नदीचा वासच न घेतलेलं पिल्लू परत कुठे जाणार? मिळेल त्या नदीत शिरतं. परिणामी शरदात परतणारे चिनूक खोरंभर जवळजवळ एकाच छापाचे झालेत. २००५ आणि २००६ मध्ये समुद्रात खाद्य कमी पडलं तेव्हा सगळे एकदम कोसळले, आणि २००८ व २००९ मध्ये मासेमारी बंद ठेवावी लागली. २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा. तात्कालिक कारण समुद्र आणि दुष्काळ, मान्य. पण सगळ्यांनी एकाच वेळी का कोसळावं?

शंकासुर

मग बंद करून पाहिलंय का कुणी? नुसतं 'हॅचरी वाईट' म्हणून काय होणार?

उलटप्रवाह

सामन नाही, पण ट्राउटचं उदाहरण आहे. मॅडिसन नदीवरच्या निरीक्षणांनंतर मोंटानाने १९७४ मध्ये नदीतले ट्राउट ज्या प्रवाहांत टिकून होते तिथे हॅचरीचे सोडणं थांबवलं. मासे वाढले. पण तिथे नदी धड होती ही अट विसरू नका.

भटकी

एल्व्हा नदी! वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरची. दोन धरणं, १९१३ आणि १९२७ ची, २०११ ते २०१४ मध्ये पाडली. सर्वात गंमत उन्हाळी स्टीलहेडची. धरणांच्या वर शंभर वर्षं अडकलेले रेनबो ट्राउट होते (स्टीलहेड आणि रेनबो एकच प्रजाती, एक समुद्रात जातो, दुसरा जात नाही). लवकर परतण्याशी जोडलेला जनुकाचा प्रकार त्या ट्राउटनी जपून ठेवला होता. धरण गेलं, त्यांची पोरं समुद्रात गेली आणि उन्हाळ्यात परतली. कुठल्याही हॅचरीने सोडली नव्हती.

नाखवा

अर्धी गोष्ट सांगितलीत. धरणांमागचा लक्षावधी घनमीटर गाळ एकदम सुटणार होता, त्या काळात नदीचे उरलेसुरले चिनूक आणि चम गुदमरू नयेत म्हणून लोअर एल्व्हा क्लालम जमातीच्या आणि राज्याच्या हॅचऱ्यांत वंश राखले. त्यावर खटलेही झाले. जमातीने स्वतःहून वर्षानुवर्षं मासेमारी थांबवली आणि २०२३ मध्ये पहिल्यांदा थोडे कोहो धरले. हॅचरीला शिव्या देणाऱ्यांपैकी कुणी एवढा संयम दाखवलाय?

आणि याच जमातींनी राज्यावर रस्त्यांखालच्या मोऱ्यांसाठीही खटला भरला, कारण त्या मोऱ्यांतून मासा वर जाऊ शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाल्याने खालचा निकाल कायम राहिला, आणि राज्याला मोऱ्या दुरुस्त कराव्या लागतायत. त्यांना फक्त हौद हवेत हे म्हणणं चूक.

गुणसूत्र

भटकींनी सांगितलेला जनुक म्हणजे ग्रेब-वन-एलच्या आसपासचा भाग. २०१७ मध्ये दिसलं की लवकर की उशिरा परतायचं हे चिनूक आणि स्टीलहेड दोघांतही मुख्यतः या एकाच जागेवरून ठरतं. याचा अर्थ असा की वसंतात, म्हणजे लवकर, परतणारा चिनूक एकदा नाहीसा झाला आणि तो जनुकाचा प्रकार खोऱ्यातून पुसला गेला, तर शरदातले मासे कितीही सोडा, वसंतातले पुन्हा घडणार नाहीत.

ओरेगॉनमधून कॅलिफोर्नियात उतरणाऱ्या क्लॅमथ नदीत आज हाच पेच आहे. चार धरणं २०२४ पर्यंत पाडली, त्याच ऑक्टोबरमध्ये शरदातले चिनूक ओरेगॉनपर्यंत पोचले, कुणीही उचलून नेलं नव्हतं. पण वसंतातल्यांचं काय? वरच्या खोऱ्यात सापडलेल्या जुन्या हाडांत लवकर परतण्याचा प्रकार आहे, तर जवळच्या शास्ता आणि स्कॉट उपनद्यांत आता तो जवळजवळ उरलेला नाही. मग दुसऱ्या उपनदीचे मासे आणून वाढवायचे, की वाट बघायची? इथे मी हॅचरीच्या बाजूने मत देईन. थोड्या पिढ्या, फक्त नदीचे पालक, आणि बंद करण्याची तारीख आधीच ठरवून.

नाखवा

तारीख कोण ठरवणार तेही लिहा. काठावरच्या जमाती ठरवणार असतील तर मीही सही करतो.

उलटप्रवाह

@नाखवा, सहीचं पक्कं धरतो. करार, बोल्ट निकाल आणि मोऱ्यांचा खटला यावर तुम्ही वेगळा धागा काढाच. इथे खाली खाली दबून जाईल.